थांबता येईल तेवढा उतार

कौसल्याला बर्फ माहीत होता तो दोनच ठिकाणचा. एक नेरच्या बसस्टँडवरच्या रसवंतीवाल्याचा, भुशात ठेवून वर गोणपाट टाकलेला. दुसरा नवऱ्याच्या तोंडून ऐकलेला. तरी त्या जानेवारीत ती रोज दुपारी जैबुनबीच्या ऑफिसात जाऊन बसायची आणि कोणत्या पहाडावरचा बर्फ आपल्या माणसाला मानवेल, याची चौकशी करायची. पोरीच्या सोयरिकीच्या वेळीसुद्धा तिनं इतके फाटे फोडले नव्हते.

ऑफिस म्हणजे टिनाची एक खोली, टेबल, फोन आणि भिंतीवर ताजमहाल. बाहेर पाटी ‘निलोफर ट्रॅव्हल्स’. निलोफर ही जैबुनबीची पोरगी, ती लग्न होऊन केव्हाच अकोल्याला गेली, पाटी राहिली. जैबुनबीचा नवरा मोहिउद्दीन स्वतः गाडी चालवायचा. मुसलमानांना अजमेरला न्यायचा, बौद्धांना बोधगयेला, आणि अंगारकी आली की हिंदूंना कळंबच्या चिंतामणीला. देव कोणाचाही असो, गाडी एकच. पण पेपरवाले रोज यवतमाळचं नाव छापत होते, ती ही वर्षं. कापसाचा भाव पडला, लोकांनी कापूस घरातच आढ्यापर्यंत भरून ठेवला, आणि कापसाच्या घरातून माणूस यात्रेला निघत नाही. गाडी दारात उभी होती. तिच्याखाली जैबुनबीच्या कोंबड्या अंडी घालत होत्या.

“मले अशी जागा पाह्यजे, जिथं बर्फावरून घसरतेत,” पहिल्या दिवशी कौसल्या म्हणाली होती.

“घसरायले पहाडावर कायले जातं वो?” जैबुनबीनं पान तोंडात सरकवलं. “आमच्या मोरीत ये. फुकट हाय.”

“आपा, मजाक नको करू. साधनाचे बाबा फौजेत शिकले ते. पायाले लांब पट्ट्या बांधून.”

हे मात्र खरं होतं आणि सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं. कौसल्याचा नवरा उकंडा महार रेजिमेंटमध्ये होता. तरुणपणी फौजेनं त्याला एका हिवाळ्यात काश्मिरात बर्फावर घसरायला शिकवलं. एकच कोर्स झाला, दुसऱ्याच्या आधी पलटण हलली. त्यामुळे उकंडाची विद्या अर्धीच राहिली. सरळ उतरता यायचं. डावीकडे झकास वळता यायचं, उजवीकडे वळताना पडायचा. आणि थांबता यायचं. पायाचे अंगठे आत, टाचा बाहेर, नांगराच्या फाळासारखं टोक करायचं की माणूस हळू होत होत थांबतो. हे तो घरोघरी, लग्नात, मयतीत, कुठंही उभं राहून करून दाखवायचा. त्याचा उस्ताद गढवालचा, जोशीमठकडचा. तो शिकाऊ पोराला वर उभं करायचा आणि स्वतः उताराच्या पायथ्याशी, अगदी वाटेत, छाती पुढे काढून उभा राहायचा. म्हणायचा, माझ्या अंगावर यायच्या आत थांब. “आन मी थांबलो!” उकंडा सांगायचा. “हातभर अंतर ठेवून थांबलो. उस्ताद हलला नाही, डोळा नाही मिटला त्यानं.” ऐकणारे चहा प्यायचे आणि कौसल्या आतून ओरडायची, पुरे झालं तुमचं थांबणं, आता दळण आणा.

त्याचं उकंडा हे नावसुद्धा एका युक्तीचं होतं. आधीची दोन पोरं दगावली, म्हणून तिसरं झालं तसं आईनं ते उकिरड्यावर ठेवलं, केरासारखं, आणि मग उचलून घरात आणलं. मरणाला घाण वाटावी, त्यानं नाक मुरडून पुढं जावं. अठ्ठेचाळीस वर्षं युक्ती चालली. आता कौसल्याला वाटत होतं, मरणाला कोणीतरी खरं काय ते सांगितलं असावं.

फौजेतून आल्यावर उकंडा कापूस खरेदीच्या एका केंद्रावर फाटकावरचा शिपाई लागला. दिवाळीनंतर बैलगाड्यांची रांग लागायची, माणसं गाडीखाली झोपायची, आणि आतून साहेबाचा निरोप आला की फाटक बंद करायचं काम उकंडाचं. एका संध्याकाळी त्यानं फाटक लावलं तेव्हा पुढची गाडी लखीरामची होती. तांड्यावरचा लखीराम. दोघं चौथीपर्यंत एका पाटावर बसलेले. “उकंडा, माही एक गाडी तर घे,” लखीराम म्हणाला. “उद्या ये,” उकंडा म्हणाला. काही वाईट बोलला नाही. वर तंबाखूही दिली. लखीरामनं गाडी वळवली, आणि उद्या तो आला नाही. त्याची बातमी आली.

उकंडा त्याच्या मातीला गेला, आला, हातपाय धुतले आणि बोलायचा बंद झाला. भांडण नाही, रडणं नाही. ताट दिलं तर दोन घास खायचा, नाही दिलं तर मागायचा नाही. समोरच्या घरात कापूस इतका ठासला होता की दार लागत नव्हतं, म्हणून हा बाज उलटी करून भिंतीकडे तोंड करून बसायचा. यवतमाळच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि म्हणाला, वातावरण बदला. गोळ्या किती द्यायच्या ते त्यानं कागदावर लिहून दिलं, वातावरण किती द्यायचं ते लिहिलं नाही.

कौसल्यानं तिच्या परीनं वातावरण बदलायला घेतलं. फवारणीचा डबा शेजारच्या रामीबाईकडे नेऊन ठेवला. मग विळा. मग विहिरीचा दोर. मग गोळ्यांची पुडी, तीसुद्धा, रोजची रोज मागून आणायची.

“बाई, तुहं सारं घर माह्या घरात येऊन राह्यलं,” रामीबाई म्हणाली. “तू पण येऊन जाय एखाद्या दिवशी.” आणि मग हसता हसता तिनं तोंड फिरवलं, कारण ती काही वेडी नव्हती.

पाणी काढायला कौसल्या रामीबाईचा दोर मागून आणायची, बादली भरली की लगेच परत. घरात नवरा भिंतीकडे बघत बसलेला असायचा आणि ती दुरून त्याची पाठ हलते का ते पाहायची. श्वासानं पाठ हलते. हलली की पोळी लाटायची.

एका दुपारी तिला ते उस्तादाचं थांबणं आठवलं, आणि त्यानंतर दुसरं काही सुचेना. पेन्शन येत होती, घर चाललं असतं. या माणसाला बर्फावर न्यायचं. तिथं कापूस नाही. तिथं याला काहीतरी येत होतं.

आता कुठं न्यायचं?

जैबुनबीनं नागपूरच्या एजंटाकडून रंगीत कागद मागवले. पण कागदावर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी त्या दोघी नव्हत्या. नवरा मुलगा कसा पाहतात? फोटोवरून नाही. त्याच्या गावचा माणूस गाठायचा, घर कसं, पाणी कुठून आणतात, बाप पितो का, हे आडून विचारायचं. काश्मिरचा माणूस नेरमध्ये होताच. रसूलभाई दर हिवाळ्यात शालींचं गाठोडं घेऊन यायचा, मशिदीमागं खोली घेऊन राहायचा, आणि त्या वर्षी शाल कोणी घेत नसल्यामुळे त्याला बोलायला भरपूर वेळ होता.

“बहनजी, गुलमर्ग!” तो मुलाच्या मामासारखा सुरू झाला. “गुलमर्ग तो कटोरा है. चारों तरफ पहाड, बीच में मैदान. नीचे वाली ढलान पर बच्चे सीखते हैं. गिरे भी तो कटोरे में.”

“म्हणजे परातीसारखं?” कौसल्या म्हणाली. कणीक परातीबाहेर जात नाही. तिला बरं वाटलं.

“लेकिन जिसने एक कोर्स किया है,” रसूलभाईच्या तोंडून खरं सुटलंच, “उसका दो दिन में जी भर जाएगा. फिर वो झूले में बैठके ऊपर जाएगा. सबसे ऊपर से, वाह! वहाँ से तो उस्ताद लोग उतरते हैं. जन्नत दिखती है.”

“जन्नत नाही पाहायची,” कौसल्या इतक्या घाईनं म्हणाली की जैबुनबीनं पान चावायचं थांबवलं.

“तिकडं बंदुका बी हाय म्हणतेत,” जैबुनबी म्हणाली.

“बंदुकीचं नाही भेव मले.”

मग मनालीचं स्थळ निघालं. सोलांग म्हणून जागा. एजंटाच्या पोरानं फोनवर सांगितलं की उतार लहान आहे, पहिल्यांदा येणारे हौशी लोक तिथं फोटो काढतात, भुट्टे खातात, अर्धा तास घसरतात. शिकलेल्या माणसाचा तिथं जीव रमत नाही. कौसल्यानं नाही म्हटलं. अर्धा तास घसरून उरलेला दिवस हा माणूस काय करणार? भिंतीकडे तोंड करून बसणार, भिंत फक्त बर्फाची असणार.

“तुले सोपं बी नाही पाह्यजे, कठीण बी नाही पाह्यजे,” जैबुनबी वैतागली. “पोराले नोकरी पाह्यजे आन पोरगा घरी बी पाह्यजे, तसं झालं हे.”

तिसरं स्थळ औली. उत्तराखंडात, उस्तादाच्या जोशीमठाच्या वर. कागदावर फोटो होता. रुंद पांढरा उतार, कडेला देवदार, मधोमध लाल स्वेटरचा हसरा माणूस. कौसल्यानं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आडवा केला.

“काय शोधून राह्यली वो? बर्फ तर मधात हाय.”

“कडा पाहून राह्यली.”

“कडेले झाडं हाय.”

“झाडाच्या पल्याड काय हाय?”

जैबुनबीनं औलीच्या एका लॉजवर फोन लावला. तिकडचा माणूस भला वाटला. म्हणाला, आमच्याकडे एक कोर्स केलेलेच जास्त येतात, उतार लांब आहे पण रुंद आहे, वळायला जागा भरपूर, मध्ये थोडा चढा भाग लागतो, तिथं लक्ष द्यावं लागतं, मग खाली सपाट. खुर्चीच्या झुल्यानं परत वर जायचं. आणि जोशीमठहून यायला दोरावरची मोठी डबी आहे, दरीच्या वरून येते, नजारा...

कौसल्यानं रिसीव्हर तिच्या हातातून घेतला. “भाऊ,” ती मोठ्यानं म्हणाली, पहाड लांब असतो म्हणून, “खाई कितनी दूर है?”

“खाई से आपको क्या काम, मैडम?”

लॉजवाला हॅलो हॅलो करत राहिला. जैबुनबीनं कौसल्याच्या हातातून रिसीव्हर काढून जागेवर ठेवला आणि उठून ऑफिसचं दार लोटून घेतलं.

“सच बोल,” ती म्हणाली. “तू मले सांगितलं का उकंडाभाऊ रोज गुडघ्याची कसरत करून राह्यले, जायची घाई झाली त्याइले. आमचे हे म्हणत होते, तो तर केंद्रावरच येत नाही, लखीराम गेला तवापासून. मी म्हटलं, नाही, कौसल्या झूट कायले बोलन?”

“बोलली,” कौसल्या म्हणाली.

“त्याइले कसरत करताना पाह्यलं तू?”

“पाणी पेताना पाह्यलं. तेच लई झालं.”

मग ती बोलली. रडली नाही, यादी सांगितल्यासारखी बोलली. डबा रामीबाईकडे, दोर रामीबाईकडे, आणि रात्री त्याच्या धोतराच्या सोग्याला तिनं आपल्या लुगड्याची गाठ मारून ठेवलेली, लग्नात मारतात तशी. उठला तर कळावं.

“मले असा उतार पाह्यजे आपा,” ती म्हणाली, “का त्याले सारं ध्यान तिथंच लावा लागन, लखीराम डोक्यात येणार नाही. इतका कठीण. आन मराचं म्हटलं तरी मरता येणार नाही, इतका सोपा. असा कुठं भेटते का, तेवढं पाय.”

जैबुनबीच्या धंद्यात लोकांनी नवसाची, पोराबाळांची, बाहेरच्या बाधेची गाऱ्हाणी आणली होती. त्यांच्यासाठी गाडी कुठं न्यायची ते तिला माहीत होतं.

“त्याइले इचारलं?” ती म्हणाली.

“काय?”

“हेच. कुठं जायचं. यायचं का.”

हे कौसल्याला सुचलंच नव्हतं. स्थळ पाहायचं, पसंत करायचं, तारीख काढायची आणि माणसाला आंघोळ घालून गाडीत बसवायचं, हीच तिला माहीत असलेली रीत. तिचं स्वतःचं लग्न असंच झालं होतं. उकंडाचंही.

“नवरदेवाले कोण इचारते?” ती म्हणाली.

“मी इचारते,” जैबुनबी म्हणाली. “उद्या सकाळी येते.”

ती आली, आणि पाठोपाठ रसूलभाईही आला, कारण गुलमर्गच्या इभ्रतीचा प्रश्न होता. अंगणात बाज भिंतीकडे तोंड करून होती, तिच्यावर उकंडा. थंडी होती तरी अंगावर नुसती बंडी. समोरच्या घरातून कापसाचा कुबट वास येत होता आणि तिथलं पोरगं खाज सुटून पाठ खांबाला घासत होतं.

जैबुनबीनं सलाम केला, उत्तर आलं नाही. तिनं मग बाजेच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत स्टूल नेऊन टाकलं आणि उकंडाच्या बरोबर समोर बसली. भिंत दिसेनाशी झाली.

“उकंडाभाऊ, तुमची कौसल्या तुमाले बर्फावर न्यायचं म्हणते. मी जागा काढून राह्यली. गुलमर्ग हाय, औली हाय. बोला.”

काही नाही. डोळ्याची पापणीसुद्धा नाही.

रसूलभाईला ही शांतता सोसेना. त्यानं गाठोड्यातून एक शाल काढून उकंडाच्या खांद्यावर टाकली, विकायची म्हणून नाही, उघडा माणूस पाहवला नाही म्हणून, आणि सुरू झाला. “भाईसाहब, आप तो फौजी हैं! आप गुलमर्ग चलिए. सीधे ऊपर जाइए, अफरवट. पहले आप लोग पैदल चढते थे, अब झूला लगा है. दस मिनट में चोटी. वहाँ से छोड दीजिए अपने आप को, बस...”

“चूप,” कौसल्या ओरडली. तिच्या हातातला तांब्या खाली पडला, गडगडत नालीपर्यंत गेला.

“तिकडं नाही,” उकंडा म्हणाला.

आवाज इतका घोगरा होता की आधी कौसल्याला वाटलं, समोरच्या पोरानं काहीतरी म्हटलं.

“काय म्हणले?” जैबुनबी पुढे वाकली.

“वर नाही,” तो म्हणाला. घसा साफ केला, पुन्हा बंद पडला. जैबुनबी हलली नाही. कौसल्या तांब्या उचलायची विसरली. “वर मले जमत नाही. उजवीकडं वळता येत नाही मले. तिथं दोन्हीकडं वळा लागते.”

“मंग खालची परात?” कौसल्यानं दुरूनच, जवळ गेलं तर हे बोलणं उडून जाईल अशा भीतीनं विचारलं. “तिथं पोरं शिकतेत म्हणे.”

“परातीत काय करू? पोरं घसरतेत, मी बसून राहीन. बसलं का तो येते. गाडी घेऊन.”

कोण येतो ते कोणी विचारलं नाही. समोरच्या अंगणात खांबाला पाठ घासल्याचा आवाज तेवढा येत होता.

“दोर कुठं हाय विहिरीचा?” उकंडा अचानक म्हणाला.

कौसल्या वाकून तांब्या उचलायला लागली. “रामीबाईनं नेला. तिचा तुटला.”

“तिचा नाही तुटला. तू तिचा मागून आणतं.” तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. डोळे खोल गेले होते, पण त्या डोळ्यांत मागं कुठंतरी तो होता. “गाठ बी मारतं तू रात्री. मले समजते.”

“मंग सोडत काहून नाही?”

त्यानं शालीची कड मुठीत धरली आणि सोडली, धरली आणि सोडली.

“भरोसा नाही माहा,” तो म्हणाला. “वरून निघालो आन थांबावंच नाही वाटलं तर?”

रसूलभाईनं मान खाली घातली. जैबुनबीनं पदर तोंडाला लावला, मग काढला, आणि अगदी धंद्याच्या आवाजात म्हणाली, “मंग औलीच ठरवू. उतार रुंद हाय, मधात जरासा चढा, बाकी ठीक. कौसल्याले त्या डबीचं भेव वाटते, दरीवरून जाते ती.”

“डबी कायले पाह्यजे? सडक हाय वरपर्यंत,” उकंडा म्हणाला. “उस्ताद सांगे. त्याचं घर खालीच. तो म्हणे, एक कोर्सवाल्यानं तिथंच यावं. उतार संपते तिथं. खाली सपाट लागते.” एवढं बोलून त्याला दम लागला. घाम आला कपाळावर, जानेवारीत.

कौसल्या जवळ गेली. बाजेवर बसली नाही, त्याच्या पायाशी खाली बसली. त्याचे पाय तिनं पाहिले. भेगा पडलेले, कोरडे. अंगठे हळूच आत वळत होते, टाचा बाहेर जात होत्या. त्याचं त्यालाही माहीत नसावं.

“खाली कोणी उभं राहा लागन,” तो पायांकडे बघत म्हणाला. “उस्तादासारखं. कोणी उभं असलं वाटेत, तर मी थांबतो. तेवढं येते मले.”

“मी राहीन.”

“हलायचं नाही.”

“नाही हलत.”

“मी अंगावर आलो तरी?”

“तुम्ही इतके वर्सं अंगावरच येऊन राह्यले,” कौसल्या म्हणाली. “कवा हलली मी?”

त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी झालं. हसू म्हणता येईल असं नाही. मग ते गेलं, मान खाली गेली, आणि तो पुन्हा त्या दुसऱ्या ठिकाणी निघून गेला जिथं फाटक होतं. जैबुनबीनं दोनदा हाक मारली, रसूलभाईनं गुलमर्गची सफाई द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुपारी उकंडानं अर्धी पोळी खाल्ली आणि अर्धी ताटात ठेवली.

संध्याकाळी कौसल्या पाणी काढायला रामीबाईकडे दोर मागायला गेली.

“आता तुहा तुह्या घरी ठेव ना,” रामीबाई म्हणाली. “भाऊ बोलले म्हणे आज.”

“बोलले,” कौसल्या म्हणाली. “ठेव तुह्याकडेच.”

बादली भरून, दोर परत देऊन ती तशीच जैबुनबीच्या ऑफिसात गेली. जैबुनबी दिवा लावून औलीच्या लॉजचा नंबर पुन्हा फिरवत होती, लाइन लागत नव्हती.

“आपा, त्याले पट्ट्या भेटतीन ना तिथं भाड्यानं?”

“भेटतेत. पट्ट्या, काठ्या, बूट, सारं. नंबर सांग त्याइच्या पायाचा.”

“नऊ,” कौसल्या म्हणाली. मग जरा वेळ ती आपल्या चपलेकडे बघत उभी राहिली, अंगठा तुटून दाभणानं शिवलेल्या. “आन बर्फात नुसतं उभं राहाले कसे बूट लागतेत, तेबी इचार. खाली घसरले नाही पाह्यजेत. मोठे असले तरी चालते, मी आत चिंध्या घालीन.”

लाइन लागली. जैबुनबीनं हात वर करून तिला थांबवलं आणि दूरच्या पहाडाशी मोठ्यानं बोलायला लागली.